भाजी निवडताना निघणारी पानं, सालं, टरफलं : त्यात काय असतं आणि त्याचं काय करता येतं?

हिरवादेठ
नमस्कार मंडळी. जुन्नर तालुक्यात आमच्या बचत गटाचं भाजी निवडून, चिरून खानावळींना पुरवायचं युनिट आहे. थंडीत रोज साधारण ३०० किलो माल बाजूला पडतो. फ्लॉवरची पानं आणि दांडे १४० किलो, मटारची टरफलं ८०, कोबीची वरची पानं ३०, बटाट्याची सालं ३०, कांद्याची सालं नि शेंडे २०. सध्या सगळं घंटागाडीत जातं. शेजारी दहा गाईंचा गोठा आहे, मागे मोकळं अंगण आहे, २०० लिटरचे झाकणवाले ड्रमही आहेत. या मालात खरंच किती कस असतो आणि कुठला माल कुठे वळवावा, हे जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं.

गोठ्यावरून
ताई, सगळ्यात आधी यातलं पाणी वजा करा. फ्लॉवरच्या पानांत ८८ टक्क्यांच्या आसपास पाणी, कोबीत ९२, मटारच्या टरफलात ८५-८६, बटाट्याच्या सालीत ८०-८२. कांदा सोडला तर तुमच्या २८० किलोत कोरडा माल जेमतेम ३६ किलो भरतो. मालाची किंमत या ३६ किलोंची, आणि त्रास मात्र उरलेल्या पाण्याचा : वजन, वास, माशा, सडणं.

पण त्या ३६ किलोंचा कस चांगला आहे. कोरड्या वजनावर कच्ची प्रथिनं (म्हणजे नत्रावरून, नायट्रोजनवरून मोजलेली) फ्लॉवरच्या पानांत १७ टक्क्यांच्या आसपास, मटारच्या टरफलात १९-२०, कोबीच्या पानांत २०, बटाट्याच्या सालीत १०-१२ धरा. बेरीज केली तर रोज सहा किलो प्रथिनं होतात. सरकी पेंडीत २२-२३ टक्के प्रथिनं असतात, म्हणजे पंचवीसेक किलो पेंडीइतकी प्रथिनं तुम्ही रोज घंटागाडीत टाकताय. ही सगळी अस्सल प्रथिनं नसतात, काही भाग साध्या नत्राचा असतो. गाईच्या पोटातले जिवाणू तो बऱ्यापैकी वापरतात. कोंबडीला आणि माणसाला त्याचा उपयोग नाही.

म्हणून माझं मत : हा माल 'ओला कचरा' म्हणून एका ढिगात घालूच नका. निवडतानाच पाच क्रेट वेगळे ठेवा. एकदा मिसळला आणि चार-सहा तास पडून राहिला की खताशिवाय दुसरा उपयोग उरत नाही.

चूलबोळकी
+१. आणि पहिला क्रेट माणसाच्या ताटासाठी ठेवा. फ्लॉवरची आतली कोवळी पानं कॅल्शियमच्या बाबतीत खुद्द गड्ड्यापेक्षा कितीतरी सरस असतात. मुळ्याच्या पाल्याचंही तेच : १०० ग्रॅम पाल्यात अडीचशे मिलीग्रॅमच्या घरात कॅल्शियम, दुधात १२०. शिवाय कोबी-मुळा वर्गातल्या पाल्यात ऑक्झलेट कमी, त्यामुळे हे कॅल्शियम अंगी लागतं. बीटच्या पाल्यात कॅल्शियम दिसतं भरपूर, पण ऑक्झलेटने बांधलेलं असतं. बीटचा पाला लोहासाठी, चवीसाठी खावा, कॅल्शियमसाठी त्यावर विसंबू नये.

मटारच्या टरफलांबद्दल. लोक ती चावून बघतात, तोंडात चोथा येतो आणि टाकून देतात. चोथा असतो तो फक्त आतल्या पापुद्र्याचा. टरफल उघडून एक फाक घ्यायची, आतली गुळगुळीत बाजू आपल्याकडे. देठाकडचं टोक आतल्या बाजूला हलकेच मोडायचं. गर तुटतो, पापुद्रा तुटत नाही. तोच धरून खाली ओढायचा, कागदासारखा सलग निघून येतो. उरलेला हिरवा गर गोडसर असतो, बटाट्याबरोबर परतून पाच मिनिटांत भाजी होते. कोवळ्या, हिरव्यागार शेंगांचाच पापुद्रा असा निघतो. पिवळट किंवा आदल्या दिवशीच्या शेंगेचा तुकड्या-तुकड्यांनी येतो आणि वेळ फुकट जातो.

रोजच्या ८० किलोंना हे हाताने परवडणार नाही. तिथे टरफलं धुऊन, बुडतील एवढ्याच पाण्यात १५ मिनिटं उकळा, भरड वाटा, गाळा. गाळलेलं पाणी सूपला आणि रश्श्याला उत्तम, खानावळी घेतील. पण त्याच दिवशी द्या. थंड न करता ठेवलं तर संध्याकाळपर्यंत आंबतं.

पाटाचंपाणी
चूलबोळकी, फवारणीचं काय? फ्लॉवरवर चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या किडीसाठी किती वेळा औषध मारतात ते जुन्नरकरांना सांगायला नको. वरच्या पानांवर सगळ्यात जास्त बसतं.

चूलबोळकी
रास्त शंका. माणसांसाठी फक्त गड्ड्याला चिकटलेली आतली दोन-तीन पानं, आणि तीही ज्याच्या फवारणीची नोंद बघता येते अशा शेतकऱ्याच्या मालाची. शेवटची फवारणी आणि काढणी यांत औषधाच्या वेष्टनावर छापलेले दिवस पाळलेले असले पाहिजेत. वाहत्या पाण्याने चोळून धुतलं तर पानावर बसलेलं औषध बरंचसं जातं. झाडात भिनणारं औषध मात्र मिठाच्या पाण्याने जात नाही, हळदीच्याही नाही. नोंद मिळत नसेल तर तो क्रेट खताकडे.

याच पानांची वाळवून पुडी करता येते, तिची कृतीही देते. आतली पानं तीन पाण्यांनी धुवायची, मधली जाड शीर कापून वेगळी काढायची, कारण ती दुप्पट वेळ घेते आणि तीच ओली राहून पुढे पुडीला बुरशी येते. एक किलो पानांना पाच लिटर उकळतं पाणी, दोन मिनिटं बुडवून लगेच गार पाण्यात. हे टाळलं तर वाळताना पान तपकिरी पडतं आणि गवतासारखा वास येतो. पाण्यात सोडा घालू नका. रंग हिरवागार राहतो, पण 'क' आणि 'ब१' जीवनसत्त्वं जातात. मग निथळून ५५ ते ६० अंशांवर ड्रायरमध्ये सहा-आठ तास. कडक उन्हात उघडं वाळवलं तर कॅरोटीन उडतं. ड्रायर नसेल तर वारा खेळेल अशा सावलीत, जाळीवर, एका थरात. मुठीत चुरताना आवाज झाला पाहिजे. पान वाकलं की अजून ओलं आहे. किलोला साधारण १०० ग्रॅम पुडी पडते. थालीपिठाच्या भाजणीत ५ टक्के घाला, चव बदलत नाही. १० टक्क्यांच्या वर गेलात की कोबीचा उग्र वास पुढे येतो.

गोठ्यावरून
आता गाईंचं. यात घाई केलेली महागात पडते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोबी-फ्लॉवरच्या पाल्यात तीन दोष आहेत. एक नायट्रेट. युरिया जास्त पडलेल्या प्लॉटमधल्या पानांत, विशेषतः जाड शिरांत, ते साठतं. गाईच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं, ते रक्तात उतरतं आणि रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद जाते. त्याहून वाईट म्हणजे ओली पानं ढिगाने पडून आतून गरम झाली की ढिगातच नायट्राइट तयार होतं. ताजं पान चालतं म्हणून कालचं गरम झालेलं पानही चालेल असं समजू नका. ढिगात हात घातल्यावर ऊब लागली की तो माल गोठ्यावर न्यायचाच नाही. गाईला धाप लागली, हिरड्या निळसर-तपकिरी दिसल्या, रक्त चॉकलेटी आलं तर तासाभराचा उशीरही जीवघेणा ठरतो. लगेच पशुवैद्यक, मेथिलीन ब्लूचं इंजेक्शन हा त्यावरचा उपाय त्यांच्याच हातून व्हायचा.

दुसरा दोष : या वर्गात गंधकाचं एक संयुग असतं, ते पोटात गेल्यावर लाल पेशी फोडतं. बेताने दिलं तर काही होत नाही, आठवडेच्या आठवडे नुसत्या पाल्यावर ठेवलं तर पंडुरोग होतो, लघवी लालसर होते. तिसरा : आयोडीन अडवणारी द्रव्यं. या दोन्हींसाठी नियम एकच, कोबीवर्गीय पाला एकूण कोरड्या खाद्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर नाही, आणि रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण.

४०० किलोची गाय दिवसाला १०-१२ किलो कोरडं खाद्य खाते. हिशोबाने ताजा पाला ३० किलोपर्यंत बसतो, पण मी १५ किलोवर थांबेन. पहिल्या दिवशी ५ किलो, दहा दिवसांत हळूहळू १५. आधी कडबा, मग पाला. उपाशी पोटी कधीच नाही, नायट्रेट आणि पोटफुगी दोन्हींचा धोका त्यातच. धार काढून झाल्यावर द्या, नाहीतर दुधाला वास उतरतो. सोबत मटारची टरफलं गाईमागे ८ किलो बिनधास्त. दहा गाईंत तुमचा जवळपास सगळा पाला आणि टरफलं खपतात.

बटाट्याची सालं गाईमागे तीन किलोपर्यंत. हिरवी पडलेली किंवा कोंब फुटलेली सालं बाजूला काढा, त्यातलं सोलॅनिन हे विष शिजवूनही जात नाही. अख्खे लहान बटाटे कधीच टाकू नका, घशात अडकतात. कांदा गाईला नको. गोठ्यातल्या जनावरांत गाय कांद्याला सर्वांत नाजूक. शेळ्या-मेंढ्या थोडाफार सोसतात. कुत्र्या-मांजरांना तर अजिबातच देऊ नये.

आणि क्रेटमध्ये सुतळी, रबरबँड, टॅग, ब्लेडचा तुकडा जाता कामा नये. निवडायच्या टेबलापाशी त्यासाठी वेगळा डबा ठेवा.

हिरवादेठ
खूप उपयोगी. मटार तीनच महिने असतो. टरफलं मुरघास (हवाबंद आंबवलेला चारा) करून ठेवता येतील का? आणि फ्लॉवरची पानं?

गोठ्यावरून
दोन्ही होतात, फक्त पाणी उतरवावं लागतं. मुरघासाला कोरडा अंश ३० ते ३५ टक्के हवा. १२ टक्के कोरडा अंश असलेली पानं आणि ९० टक्केवाली कडबा कुट्टी घेतली तर प्रमाण येतं ७० किलो पानं : ३० किलो कुट्टी. पानं आधी एक दिवस सावलीत पसरून २५ टक्क्यांवर आणली तर ८५ : १५ पुरतं, म्हणजे निम्मी कुट्टी वाचते. कुट्टी ऐवजी गव्हाचं काड चालतं.

पानं-दांडे दोन ते तीन सेंटीमीटर कापा. कुट्टीचा थर, पाल्याचा थर, मिसळत जा आणि दर अर्ध्या फुटाला पायाने तुडवा. २०० लिटरच्या ड्रममध्ये १०० ते १२० किलो बसलं पाहिजे. ८० किलोतच ड्रम भरला तर तुडवण कमी पडली, आत हवा राहिली. टरफलांत साखर पुरेशी असते, वेगळा गूळ लागत नाही. जून दांडे जास्त असतील तर १०० किलोला दोन किलो गूळ पाण्यात विरघळवून शिंपडा. वर प्लॅस्टिक, त्यावर वाळूची पोती, मग झाकण. तळाला नळ किंवा भोक ठेवून पहिल्या आठवड्यात सुटणारा रस काढा आणि भोक पुन्हा बंद करा.

४५ दिवसांनी उघडा. पिवळट हिरवा रंग, आंबटगोड वास, सामू (पीएच) ४ च्या आसपास : जमला. कुबट, उलटीसारखा वास आणि बोटाला चिकटपणा : पाणी जास्त राहिलं, चुकीचे जिवाणू वाढले, फेकून द्या. कडेला काळे-पांढरे बुरशीचे पट्टे : हवा शिरली. तेवढाच भाग हातभर खोल काढून टाका, गाभण गाईला त्या ड्रममधलं काहीच देऊ नका. उघडलेला ड्रम तीन-चार दिवसांत संपवायचा, म्हणून मोठ्या खड्ड्यापेक्षा तुमच्यासारख्यांना ड्रमच बरे.

वायूकुंड
बायोगॅसबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. भाजीच्या कचऱ्यापासून फार मोठ्या गॅसची आशा लावू नका. किलोला साधारण ४० ते ५० लिटर गॅस निघतो, म्हणजे जवळपास शेणाइतकाच. पाणीच एवढं असतं. १०० किलोतून चार-पाच घनमीटर गॅस, म्हणजे दोन किलोभर एलपीजी. शिळा भात, पीठ, खरकटं यांतून किलोमागे कितीतरी जास्त गॅस निघतो. पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी घरगुती संयंत्र बेतलं ते याच मुद्द्यावर, पिष्ट आणि साखर खाऊ घाला, शेणाच्या मानाने अगदी थोडक्या मालात काम होतं. त्या कामाला २००६ मध्ये ॲशडेन हा ब्रिटनमधला हरित ऊर्जेचा पुरस्कारही मिळाला. म्हणून तुमच्या बटाट्याच्या साली गाईऐवजी संयंत्रात गेल्या तरी चांगलं, आणि खानावळींचं खरकटं परतीच्या टेम्पोत आलं तर फारच उत्तम.

मोठ्या प्रमाणावर नुसती भाजीही चालते. हैदराबादच्या बोवेनपल्ली भाजी बाजारात रोज दहा टन कचऱ्यातून ५०० युनिटच्या आसपास वीज काढतात. तिथे माल आधी दळून लगदा केला जातो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या 'निसर्गऋण' संयंत्रात तर दोन टप्पे आहेत, पहिल्या टाकीत हवा आणि गरम पाणी देऊन माल पातळ करायचा, मग बंद टाकीत गॅस.

हे दोन टप्पे का लागतात ते समजून घेतलं तर संयंत्र बंद पडत नाही. भाजी फार लवकर आंबते. आम्लं करणारे जिवाणू झपाट्याने काम करतात, मिथेन करणारे सावकाश. खाद्य जास्त झालं की आम्ल साचतं, सामू ६.५ च्या खाली जातो आणि गॅस निघत राहिला तरी पेटत नाही, कारण तो बहुतांश कार्बन डायॉक्साइड असतो. असं झालं की लोक घाबरून आणखी खाद्य घालतात. उलट करायचं : चार-पाच दिवस खाद्य बंद, चुन्याची निवळी थोडी थोडी, सोबत ताजा शेणकाला, आणि ज्योत निळी झाल्यावर चौथाई खाद्यापासून पुन्हा सुरुवात.

१०० किलो रोजच्या भाजीला किमान सहा घनमीटरची टाकी लागते. सुरुवातीचे तीन आठवडे फक्त शेण-पाणी समप्रमाणात. माल एक सेंटीमीटरहून बारीक हवा. मटारची टरफलं अख्खी टाकलीत तर ती तरंगून वर साय धरतात आणि गॅस अडतो. कोबीवर्गात गंधक असल्याने गॅसला सडक्या अंड्याचा वास येतो, बर्नर गंजतो. नळीत मधेच गंजलेल्या लोखंडी किसाचा डबा बसवा, किस काळा पडला की बदला. लिंबू-संत्र्याच्या साली आणि कांदा शक्यतो नको.

गांडूळघर
खताचा हिशोबही पाण्यापासूनच सुरू होतो. बहुतेक लेखांत कर्ब-नत्राचं (कार्बन-नायट्रोजनचं) गुणोत्तर २५ ते ३० ठेवा असं असतं, लोक त्याच्यामागे लागतात आणि ढीग सडतो.

१० किलो ताजी भाजी घ्या : त्यात दीड किलो कोरडा अंश, कर्ब-नत्र १६ च्या आसपास. त्यात २ किलो सुका पाला मिसळला की गुणोत्तर २६ येतं, कागदावर एकदम बरोबर. पण त्या ढिगात पाणी ७२ टक्के असतं. हवा फिरत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घाण सुटते. तीच १० किलो भाजी एक दिवस पसरून सुकवा, ७ किलो राहील. त्यात अडीच किलो सुका पाला घाला. आता पाणी ६० टक्के आणि गुणोत्तर २८. दोन्ही जमलं, तेही जवळपास तेवढ्याच पाल्यात. मूठ आवळून बघा : बोटांतून एक-दोन थेंब यावेत, धार लागता कामा नये.

ढीग किमान तीन फूट बाय तीन फूट बाय तीन फूट, नाहीतर तापत नाही. आत ५५ अंशांच्या वर तीन दिवस तरी राहिला पाहिजे, तरच रोगाचे जंतू आणि तणाचं बी मरतं. बटाट्याच्या सालींबरोबर मर रोग शेतात येऊ शकतो, त्यामुळे न तापलेलं खत बटाटा, टोमॅटो, वांग्याला घालू नका. तापमान उतरलं की उलथा, बाहेरचं आत.

गांडुळांना थेट ताजी भाजी देऊ नये. १५ दिवस कुजवून, थंड झालेलाच माल वाफ्यात.

अन्नद्रव्यांबद्दल फुगवून बोलणारे बरेच आहेत, म्हणून आकडा देतो. एक टन ओल्या भाजीच्या कचऱ्यात नत्र साधारण ३ किलो, पालाश (पोटॅश) तेवढंच किंवा थोडं जास्त, स्फुरद (फॉस्फरस) अर्ध्या किलोच्या आत. ३ किलो नत्र म्हणजे साडेसहा किलो युरिया. खताची खरी किंमत सेंद्रिय कर्बात आणि पालाशात आहे. पालाश पाण्यात विरघळतं, ढिगाखालून वाहणाऱ्या रसाबरोबर ते सगळ्यात आधी जातं. ढीग उतारावर घाला, खाली बादली ठेवा, रस दहापट पाण्यात मिसळून झाडांना द्या. उघड्यावर पावसात ढीग ठेवला तर उरतं ते निम्म्या कसाचं.

पाटाचंपाणी
दुधी-दोडका विसरू नका. दोडक्याच्या शिरांची, दुधीच्या सालीची चटणी घराघरांत होते. पण निवडतानाच कडू लागलेला दुधी चवीपुरताही वापरू नये, त्यातल्या कडू द्रव्याने उलट्या, रक्तस्राव होऊन माणसं दवाखान्यात गेली आहेत. तो जनावरांनाही नको.

हिरवादेठ
मग कांद्याची सालंच तेवढी उरली. ती उकळून झाडांना घालतात ते योग्य आहे का?

गांडूळघर
नुकसान नाही, पण त्यात सांगतात तेवढं काही नाही. थोडं पालाश उतरतं, बस. कोरडी सालं खताच्या ढिगात सुक्या पाल्याच्या जागी वापरा. शेंडे ओले असतात, ते मात्र भाजीत धरा.

चूलबोळकी
कोरड्या सालींना याहून चांगला भाव रंगात आहे. सालीतल्या क्वेर्सेटिन या रंगद्रव्यामुळे सोनेरी ते नारिंगी रंग चढतो. कापडाच्या वजनाइतकी सालं, बुडेल एवढ्या पाण्यात ४५ मिनिटं उकळून गाळा. सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यात रात्रभर, मग वजनाच्या १५ टक्के तुरटीच्या पाण्यात भिजवून पिळा, आणि कोमट रंगात घालून हळूहळू तापवत तासभर ठेवा. हिरड्याशिवाय सुतावर रंग धरत नाही, पहिल्या धुण्यात निम्मा उतरतो. चिमूटभर हिराकस (लोहाचा क्षार) घातलं तर शेवाळी होतो. काळी बुरशी धरलेली सालं आधीच काढून टाका, कापडावर डाग पडतात आणि ती भुकटी श्वासातही जाऊ नये. लाल कांदा आणि पांढरा कांदा यांची सालं वेगळी ठेवा. पांढऱ्याच्या सालींना जवळजवळ रंग नसतो.